गोलपोस्टची राखण

आमच्या खानदानात माझ्या आधी कॉलेजात गेलेला एकच माणूस होता, आमचे धाकटे काका. ते तिथे खिडक्यांना तावदानं बसवायला गेले होते.

आम्ही देवगड तालुक्यातले सुतार. बाबांनी सातवीनंतर रंधा धरला, रंध्यावर पोट भरेना म्हणून दुबई धरली. शटरिंग कार्पेंटर म्हणून आले ते सोनापूरच्या कॅम्पात राहिले, एका खोलीत दहा जण. (सोनापूर नाव कुणी ठेवलं कोण जाणे. इतकी वर्षं झाली, सोनं अजून कुणाला सापडलेलं नाही.) अकरा वर्षांत ते चार वेळा घरी आले. माझी बहीण शीतल त्यांना पहिल्यांदा भेटली तेव्हा अडीच वर्षांची होती आणि तिनं त्यांना "काका, बसा" म्हटलं होतं. पुढे ते फोरमन झाले, फॅमिली व्हिसा मिळाला आणि आम्ही तिघं शारजात, अल नहदाच्या एका इमारतीत येऊन पडलो. फ्लॅट म्हणायचा, पण आमची त्यात एक खोली. दुसऱ्या खोलीत केरळचं कुटुंब, स्वयंपाकघर दोघांत मिळून आणि बाथरूमचं सकाळचं टाइमटेबल दारावर चिकटवलेलं. आई बारा बॅचलर लोकांचे डबे करायची. दुपारी ते पोचवायचं काम माझं.

अशात मी बारावी पास झालो आणि बाबांनी सगळ्या कॅम्पात जाहीर करून टाकलं, "आमचो सुहास बी.कॉम. होतलो." बी.कॉम. म्हणजे नक्की काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण त्यांनी ते इतक्या ठामपणे सांगितलं की माघार घ्यायची सोय राहिली नाही.

शारजात तेव्हा एक छोटं कॉलेज होतं. दोन मजले, आठ वर्ग आणि भारतातल्या एका विद्यापीठाची पदवी. वर्ग सकाळी दहा ते दोन. डबे बारा ते दोन. आता यात हजेरीचं काय होणार, हे सांगायला बी.कॉम. व्हायची गरज नाही.

तिसऱ्या वर्षी कुरियन सरांनी मला बोलावलं. ते आम्हाला अकाउंट्स शिकवायचे आणि फुटबॉल टीमचे कोचही तेच होते. (फुटबॉल ते कधी खेळले नव्हते. पण शिटी त्यांची स्वतःची होती.) समोर हजेरीपट उघडा.

"सुहास, नाइन डेज शॉर्ट. हॉल टिकट नहीं मिलेगा."

"सर, डबा..."

"डबा एग्झाम नहीं देगा. फुटबॉल खेलता है?"

"नाही सर."

"वेरी गुड. तुम गोलकीपर."

इथं आमच्या टीमची पद्धत सांगायला हवी. कॉलेजतर्फे सामना खेळला की तीन दिवसांची हजेरी माफ व्हायची. त्यामुळे आमची टीम खेळ बघून निवडलीच जायची नाही, हजेरीपट बघून निवडली जायची. ज्याचे नऊ दिवस कमी तो तिन्ही सामने खेळणार. ज्याचे तीनच कमी तो एक सामना खेळून घरी. आमचा सेंटर फॉरवर्ड गेली दोन वर्षं तोच होता, कारण त्याला सकाळी उठवतच नव्हतं.

असे आम्ही दर हिवाळ्यात चार कॉलेजांच्या लीगमध्ये उतरायचो. अजमानवाल्यांशी आमचं वैर सगळ्यांत जुनं. कारण एवढंच, की त्यांच्या बसचा एसी चालायचा. त्यांची टीमही हजेरीपटावरूनच निघत असावी, कारण आमचे सामने कायम शून्य-शून्य. अल ऐनवाल्यांशी वैर जेवणाचं. एकदा आम्ही तिकडे गेलो तर त्यांनी सामन्याआधी आम्हाला पोटभर बिर्याणी घातली आणि मग पाच गोल घातले. पुढच्या वर्षी ते आमच्याकडे आल्यावर आम्हीही त्यांना पोटभर बिर्याणी घातली. त्यांनी ती खाऊन सहा घातले.

पण खरं वैर रास अल खैमावाल्यांशी. ती पोरं खरोखर फुटबॉल खेळायची, हाच त्यांचा मोठा दोष. त्यांच्याकडून आमचं कॉलेज लागोपाठ सहा वर्षं हरलं होतं आणि त्या सहा वर्षांत आम्ही त्यांना एकही गोल मारला नव्हता. आमची बस दिसली की ते ओरडायचे, "शारजावाले आ गए, पॉइंट आ गए."

त्या वर्षी अजमानशी शून्य-शून्य झालं, अल ऐनकडून दोन गोलांनी हरलो. माझे सहा दिवस वसूल झाले. उरले तीन. कुरियन सरांनी बजावलं, "मॅच पूरा होना चाहिए. रेफरी का साइन वाला पेपर चाहिए. हारो, जीतो, आय डोन्ट केअर. बट कम्प्लीट."

म्हणजे खैमावाल्यांविरुद्ध नव्वद मिनिटं गोलात उभं राहायचं, मेलं नाही म्हणजे झालं, की मी पदवीच्या परीक्षेला बसणार. इतकं सोपं काम होतं. मी ते जेवताना घरी बोललो, हीच चूक झाली.

बाबांनी भात कालवता कालवता हात थांबवला.

"सहा वर्सां हरतास?"

"हो."

"एकाच गावाकडसून?"

"कॉलेज तां, बाबा. गाव न्हय."

"आणि गोलात उभो रवणारो तोच?"

"नाय, दर वर्साक नवो. पास झालो की जाता."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं. मग बाबा निदान सांगावं तसं म्हणाले, "म्हणजे माणसाचो दोष नाय. जाग्याचो आसा. राखण चुकली."

आमच्याकडे गावाच्या शिवेवर एक राखणदार असतो. दिसत नाही, पण असतो. भुताखेताला, रोगराईला, शेजारच्या गावाला तो शिवेवर अडवतो. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे तो आपलं काम चोख करतो. यालाच राखण देणं म्हणतात. आता बाबांच्या डोक्यात हिशोब पक्का बसला. गोल म्हणजे शीव. ती अडवून उभा राहणारा मी. आणि या कॉलेजनं सहा वर्षांत शिवेला एक अंडंसुद्धा दिलेलं नाही. मग खैमावाले आत शिरणार नाहीत तर काय होईल?

"बाबा, माका जिंकूचा नाय. फक्त सामनो पुरो होऊक होयो."

"पुरो होतलो, आणि जिंकतलोय."

"डॅड, प्लीज, इट्स सो एम्बॅरसिंग," शीतल म्हणाली. ती इथल्या शाळेत गेल्यापासून लाज इंग्रजीतच वाटून घ्यायची.

"तू गप रव," आई तिला म्हणाली आणि बाबांना म्हणाली, "कोंबो बरो बघून हाडा. मगे वडे करूक मेळतले." म्हणजे शिवेला फक्त दाखवायचा, आणि खायचा आम्ही. आमच्या घरातले धार्मिक निर्णय असे व्यवहारी असतात.

शुक्रवार उजाडला, तिकडचा सुट्टीचा दिवस. सामना दुपारी साडेतीनला, भाड्यानं घेतलेल्या वाळूच्या मैदानावर. मैदानाचा वॉचमन सहाला कुलूप लावायचा, त्यामुळे लांबवायला जागा नव्हती. पहिला हाफ संपत आला तरी घरचं कुणी दिसेना, म्हणून मी देवाचे आभार मानले. आणि त्याच हाफमध्ये अघटित घडलं. आमच्या सेंटर फॉरवर्डनं जांभई देत पाय उचलला, बॉल त्याच्या नडगीला लागला आणि खैमावाल्यांच्या गोलात गेला! सहा वर्षांतला पहिला गोल. तो करणाऱ्यालाच कळला नाही, दोघांनी हलवून सांगितलं. दहा मिनिटांत त्यांनी परतफेड केली, पण हाफटाइमला एक-एक होतं. कुरियन सर इतके घाबरले की त्यांनी आम्हाला पाणी द्यायच्या आधी स्वतःच प्यायलं.

दुसरा हाफ सुरू झाला आणि कंपनीची बस आली.

त्यातून वीस माणसं उतरली, सगळी बाबांच्या हाताखालची. शुक्रवारचे इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल. मागून आई, हातात दोन मोठे डबे. तिच्या मागे शीतल, आपण दुसऱ्याच बसनं आलोय असा चेहरा करून. आणि सगळ्यांत पुढे बाबा, काखेत बासमती तांदळाची गोणी. गोणी हलत होती.

ते थेट माझ्या गोलच्या मागे येऊन उभे राहिले.

"बाबा, खंय चल्लास? तिकडे बसा, खुर्चे आसत."

"तू म्होरे बघ. हयचां आमी बघतंव."

"कोंबो हाडलास?"

"वीस दिरॅम. अडीचशे रुपये. शारजाच्या बाजारात ह्याच्यापेक्षा दांडगो नव्हतो."

मी पुढे बघितलं तर खैमावाले चाल करून येत होते. मागून बाबांचा आवाज चढला, "बा देवा म्हाराजा, ह्या शिमेच्या राखणदारा..."

"व्हय म्हाराजा!" वीस जणांनी दणका दिला. त्यांचा डावा विंगर दचकला आणि बॉल बाहेर गेला.

"आज ह्यां पोर तुझ्या शिमेर उभां आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल, वाकडां आसात तां सरळ कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

रेफरी सुदानचे होते. उंच, शांत गृहस्थ. त्यांनी खेळ थांबवून मला विचारलं, "ये क्या है?"

"सपोर्टर्स, सर. चिअरिंग."

"गुड चिअरिंग," ते म्हणाले आणि शिटी मारली. माझा जीव भांड्यात पडला. पण भांडंच गळकं होतं.

सत्तराव्या मिनिटाला त्यांचा कॅप्टन फैजल एकटा बॉल घेऊन सुटला. उंच, सडपातळ पोरगा, गेल्या वर्षी आम्हाला तीन गोल यानंच मारले होते. नेमका तोच मुहूर्त बाबांनी कोंबडा दाखवायला निवडला. पाय धरून त्यांनी तो जाळीजवळ उंच केला. फैजलनं फटका मारला. आणि जाळी जिथं फाटली होती तिथून कोंबडा हातातून निसटून आत आला.

माझ्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी उडत होत्या. एक गोल आणि पांढरी, एक लाल आणि ओरडणारी. मी झेप घेतली. तीन सामन्यांत अशी झेप मी कधी घेतली नव्हती. दोन्ही हात, छातीशी घट्ट, एकदम पक्का कॅच.

मी कोंबडा अडवला होता. बॉल शांतपणे जाळीत गेला.

खैमावाले नाचायला लागले. रेफरींनी शिटी फुंकून गोल रद्द केला, कारण मैदानात परका प्राणी. खैमावाले नाचायचे थांबून भांडायला लागले. एवढ्यात कोंबड्यानं माझ्या मनगटाला चोच मारली, मी हात सोडले आणि तो सरळ सेंटर सर्कलकडे निघाला.

"ये मुर्गा किसका है?" रेफरींनी विचारलं.

मी मागे बघून दातओठ खात म्हटलं, "बाबा, काय बोलू नका." वीस माणसं वाळूकडे बघत उभी. आईनं डब्याचं झाकण नीट केलं. आणि बाबा दोन पावलं पुढे आले, छाती काढून.

"साब, मुर्गा मेरा है. और ये गोलकीपर मेरा लडका है."

दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच अभिमानानं म्हटली.

"फुटबॉल में मुर्गा क्यों?"

बाबांनी क्षणभर विचार केला. शीव, राखणदार, देवगड तालुका हे सगळं हिंदीत कसं बसवायचं? "खाने का है, साब," ते म्हणाले.

रेफरींनी घड्याळ बघितलं. "यल्ला. टेन मिनिट. मुर्गा बाहर नहीं, तो मॅच खलास. रिपोर्ट में लिखेगा, होम टीम का पब्लिक, मॅच कॅन्सल."

कॅन्सल. कुरियन सरांचा चेहरा पांढरा पडला, माझा त्याहून. सामना रद्द म्हणजे सही नाही, सही नाही म्हणजे तीन दिवस नाहीत, तीन दिवस नाहीत म्हणजे हॉल टिकट नाही. डबे पोचवून, अभ्यास करून, केरळच्या खोलीतल्या टीव्हीच्या आवाजात तीन वर्षं काढून मी एका कोंबड्यापायी नापाससुद्धा होणार नव्हतो. नापास व्हायला परीक्षेला बसावं लागतं.

आम्ही दहा जण कोंबड्यामागे धावलो. वीस सुतारही मैदानात आले. पण वीस सुतार एकत्र आले की कोंबडा पकडला जात नाही, मीटिंग होते. "तू हयसून ये." "तू तयसून घाल." "अरे शेपटेक धरू नको, पाखां धर." कुरियन सर टाय सावरत, हजेरीपट पुढे धरून कॉर्नरला आडवे उभे राहिले. कोंबड्यानं हजेरीपटाकडे बघितलं आणि वळला. माझ्यासारखंच त्यालाही ते पुस्तक पसंत नव्हतं. सेंटर फॉरवर्ड तेवढ्यात बसून डुलकी काढत होता.

खैमावाले मात्र मजेत मांडी घालून पाणी पीत बसलेले. मी फैजलजवळ गेलो. "भाई, हेल्प करो ना."

"हम क्यों करें? कॅन्सल हुआ तो पॉइंट हमारा."

सहा मिनिटं उरली. पाच. मी वाळूत गुडघ्यावर बसलो होतो आणि बाबा माझ्याकडे बघत होते. इतका वेळ त्यांना हा खेळच वाटत होता. आता त्यांच्या लक्षात आलं असावं. ते चालत फैजलसमोर गेले आणि हिंदी शोधत म्हणाले, "बेटा, मेरे लडके का... परीक्षा का... आवशीक खांव, कसा सांगू ह्या पोराक?"

फैजलनं मान वर केली.

"चाचा, तुमी मालवणी?"

बाबा थबकले. "तू खंयचो रे?"

"विजयदुर्गाचो." म्हणजे आमच्याच देवगड तालुक्यातला.

"आरे मेल्या! मगे आदी सांगूचा न्हय?"

पुढचं एक मिनिट मॅच, कोंबडा, परीक्षा सगळं बाजूला राहिलं आणि कुणाचे बापूस, कुणाची होडी, कुणाचं घर जेटीच्या कुठल्या अंगाला हे सुरू झालं. मी ओरडलो, "बाबा, चार मिनिटां!"

"सुहासाची परीक्षा हुकता रे," बाबा फैजलला म्हणाले. "तेवडो कोंबो धरून दी."

फैजल उठला. आईनं डब्यातला भात मूठभर काढून त्याच्या हातात दिला. बाकीच्या सगळ्यांना त्यानं हातानं खाली बसवलं, उकिडवा बसला, भात वाळूवर टाकला आणि तोंडानं बारीक आवाज काढत राहिला. कोंबडा आला. दोन शितं खाल्ली. तिसरं खाताना फैजलच्या हातात होता.

रेफरींनी शिटी मारली. वीस मिनिटांचा खेळ उरला होता. मी सुटलो असं मला वाटलं.

पण आता फैजल आमचा झाला होता ना! त्याच्या पायात बॉल आला की माझ्या पाठीमागून, माझ्याच बापाच्या टोळीतून आवाज यायला लागले. "फैजल्या, मार!" "देवगडचां नाव राख!" त्यानं पहिला गोल मारला आणि मागून वीस जण गरजले, "व्हय म्हाराजा!" दुसरा मारला, त्यावर बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून म्हटलं, "बाबा, मी हय आसंय."

"तू आसस तां म्हायत आसा. पण काय मारल्यान बघ, आपल्या गावचो पोर."

तिसरा त्यानं मारला तेव्हा आईसुद्धा उभी राहिली. शीतल म्हणाली, "ही इज अ‍ॅक्चुअली गुड." हे मराठीत म्हणाली असती तरी लागलंच असतं.

चार-एक. पण सामना पूर्ण झाला. रेफरींनी कागदावर सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की मुर्ग्यामुळे खेळ नऊ मिनिटं थांबला, गोलकीपरनं मुर्गा चांगला पकडला. कुरियन सरांनी तो कागद फाइलला लावताना मला एवढंच विचारलं, "बॉल क्यों नहीं पकडा?"

संध्याकाळी कोंबड्यासह फैजल आणि त्यांचा गोलकीपर आमच्या घरी. एका खोलीत आम्ही चौघं, ते दोघं आणि दाराशी उभे असलेले केरळचे तिघं, कारण वास त्यांच्यापर्यंत गेला होता. आई वडे तळत होती आणि पहिला वडा फैजलच्या ताटात पडला.

"राखण पावली," बाबा म्हणाले.

"चार गोल खाल्लंय, बाबा."

"पण एक मारलास मां? सहा वर्सांत पयलो."

मी रस्सा घेतला.

हॉल टिकट मिळालं. एप्रिलमध्ये परीक्षा दिली, जुलैमध्ये निकाल लागला. बी.कॉम., सेकंड क्लास. आमच्या खानदानातला पहिला पदवीधर मी झालो. पुढच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजनं खैमावाल्यांना दोन-शून्यनं हरवलं. गोलात नवीन मुलगा होता.